जुन्या मोटारीचा हिसका

यवतमाळ शहर पठारावर वसलेलें आहे. धामणगांवच्या बाजूनें येणाऱ्या वाटसरूस तेथें पोंचण्यापूर्वीं चढ चढावा लागतो. आणि मोटारीच्या अंगचे गुणदोष चढावर जितके उघडे पडतात तितके ते सपाट रस्त्यावर कधींच पडत नाहींत. ह्या गोष्टीचा अनुभव आम्हांस गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत आला. तेथें आमचे एक वकील स्नेही राहतात. त्यांच्या वडिलांनीं घेतलेली, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची एक इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स मोटार त्यांनीं अद्यापि जपून ठेविली आहे. गाडीचें वय आज सत्तरीच्या पुढें आहे. धामणगांवीं आम्हांस उतरवून घेण्यास ते हीच गाडी घेऊन आले होते. वाटेंत एका चढावर बैलगाडीस वाट देण्यासाठीं त्यांना थांबावें लागलें. पुन्हां निघतांना त्यांनीं क्लचवरचा पाय सावकाश उचलला मात्र, तों ती सबंध गाडी पुढच्या दिव्यांपासून मागच्या फळीपर्यंत गदगदां हलूं लागली. एखादा नवा गोऱ्हा जुवाखालीं मान घालण्यापूर्वीं दहा हिसके देतो, तसाच तो प्रकार होता. दोनचार हात पुढें जातांच सर्व शांत झालें व गाडी जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटानें चालूं लागली.

आमच्या स्नेह्यांनीं खेदानें सांगितलें, "ही हिची जुनी खोड. मोठ्या शहरांतल्या एका कारखान्यांत दोनदां नेली. दोन्ही वेळां त्यांनीं क्लचप्लेट बदलून दिली. महिनाभर बरें वाटतें, मग पुन्हां हेंच. आतां ते म्हणतात कीं, गाडी म्हातारी झाली, विकून टाका. घरांतही सगळ्यांचें तेंच मत पडलें आहे." ह्याच गाडीवर वडिलांच्या शेजारीं बसून ते चालवावयास शिकले होते. तेव्हां विकण्याची गोष्ट ते हंसत हंसत बोलले तरी तें हंसणें वरवरचें होतें, हें आमच्या लक्षांत आलें.

आम्ही यंत्रज्ञ नव्हों. परंतु कोणत्याही दोषाचें मूळ शोधावयाचें तर ती वस्तु कशी घडत आली हें आधीं पाहावें, अशी आमची संवय आहे. त्या सुटीचे आठ दिवस आम्हीं ह्या एका हिसक्याच्या मागें घालविले. त्यांतून जो इतिहास हातीं लागला तो मोटार नसलेल्या वाचकांसही मनोरंजक वाटेल, आणि वऱ्हाडांतील वाचकांस तर तो कांहींसा घरचाच वाटेल, असा आमचा भरंवसा आहे.

प्रथम क्लच म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. वाफेचें इंजिन उभ्या स्थितींतून स्वतःच्या बळानें जोर लावूं शकतें. यवतमाळ-मूर्तिजापूर ह्या अरुंद मार्गावर धांवणाऱ्या 'शकुंतला' आगगाडीस १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन ओढीत असे. तिला क्लचची गरज कधींच पडली नाहीं. पेट्रोलच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. तें मिनिटास कांहीं शें फेरे फिरत असेल तरच जिवंत राहतें. थांबलें कीं मेलें. उलट गाडीचीं चाकें आरंभीं स्थिर असतात. एक फिरतें व एक स्थिर अशा ह्या दोन वस्तूंची गांठ एकदम घातली तर इंजिन बंद पडेल किंवा कांहीं तरी मोडेल. म्हणून त्या दोहोंच्या मध्यें असा एक दुवा लागतो कीं, जो आरंभीं घसरेल, मग थोडा घसरेल व थोडा धरील, आणि शेवटीं पक्का धरून बसेल. इंजिनाच्या मागें फ्लायव्हील नांवाचें एक जड चाक असतें. त्यावर घर्षक अस्तर लावलेली एक तबकडी स्प्रिंगांच्या जोरानें दाबली जाते. तीच क्लचप्लेट. पायपट्टी दाबली कीं दाब सुटतो, पाय उचलला कीं दाब बसतो. मधल्या अवस्थेस आपले चालक 'हाफ क्लच' म्हणतात. मोटार चालविण्याचें निम्मे कौशल्य ह्या दोन शब्दांत सांठविलेलें आहे; आणि हिसका जन्मास येतो तोही ह्याच अवस्थेंत.

तो कां जन्मास येतो, हें समजण्यासाठीं धान्याचें भरलेलें पोतें फरशीवरून ओढून पाहावें. तें जागचें हलविण्यास जितका जोर लागतो, तितका तें सरकूं लागल्यावर लागत नाहीं. कूलाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८५ त प्रसिद्ध केलेल्या घर्षणावरील आपल्या निबंधांत ह्या भेदाचें मोजमाप दिलें आहे. आतां हेंच पोतें दोरीऐवजीं रबरी पट्ट्यानें ओढलें तर काय होईल? पट्टा ताणला जाईल, पोतें अचानक सुटून पुढें जाईल, पट्टा सैल पडेल, पोतें थांबेल, आणि पुन्हां पट्टा ताणला जाईल. धरणें, सुटणें, धरणें, सुटणें, असा हा खेळ चालूं राहील. केंब्रिज येथील बाउडन व लेबेन ह्या दोन संशोधकांनीं १९३९ त धातूंच्या पृष्ठभागांवर ह्याच धरसोडीचा सूक्ष्म अभ्यास करून ती शास्त्रीय चर्चेंत आणिली. पण संगीताच्या रसिकांस तिची ओळख फार जुनी आहे. सारंगीवाला गजास राळ लावितो ती तार चांगली धरली जावी म्हणून; गज तारेस धरितो, सोडितो, पुन्हां धरितो, आणि त्या धरसोडीचा सूर होतो. मोटारींत तारेची जागा मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांनीं, स्प्रिंगांनीं व टायरांनीं घेतलेली असते. हीं सर्व थोडींफार लवचीक असल्यामुळें पहिल्या गिअरांत त्यांचा सेकंदास सुमारें दहा ते वीस आंदोलनांचा एक स्वतःचा ठेका असतो. क्लचची धरसोड त्या ठेक्याशीं जुळली कीं गाडी गदगदां हलते. सारंगींत जो गुण, तोच मोटारींत दोष झाला.

ही घर्षणाची विद्या वऱ्हाडांत मोटारीबरोबर आली असें पुष्कळांस वाटतें. पण तो समज चुकीचा आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, तिकडचा कापूस इंग्लंडांत पोंचेना, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास कधीं नव्हे तो भाव आला. आणि पुढील कांहीं दशकांत ह्या भागांत ठिकठिकाणीं वाफेवर चालणारे जिन उभे राहिले. त्यांतील रेचा ज्या तत्त्वावर चालतो तें मॅकार्थी नांवाच्या अमेरिकन माणसानें १८४० त पेटंट केलेलें आहे. चामड्याचा खरखरीत रूळ तंतूस धरून ओढतो, शेजारची पोलादी पट्टी सरकीस अडविते, आणि रुई व सरकी वेगळ्या होतात. म्हणजे येथेंही चामडें, येथेंही धरणें. असे अनेक रेचे एका लांब लोखंडी दांड्यावरून, ज्यास कामगार लाईनशाफ्ट म्हणत, पट्ट्यांनीं फिरविले जात. इंजिन न थांबवितां एखादाच रेचा थांबवावयाचा असेल तर काय करावें? त्यासाठीं प्रत्येक रेच्याजवळ शेजारीं शेजारीं दोन पुल्या असत. एक दांड्यास घट्ट बसविलेली, दुसरी सैल. पट्टा काठीनें सरकवून सैल पुलीवर नेला कीं रेचा थांबे. घट्ट पुलीवर आणला कीं पट्टा क्षणभर घसरून मग धरी व रेचा चालूं लागे. पट्टा फारच घसरूं लागला तर त्यास राळ लावीत. वाळून कडक झाला तर एरंडेल चोळीत. आज बहुतेक जिनांत निरनिराळ्या वीजमोटारी आल्या आहेत व लाईनशाफ्ट दिसेनासे झाले आहेत.

वाचकांनीं हें चित्र ध्यानांत ठेवून १८८६ सालच्या जर्मनींत यावें. कार्ल बेंझ ह्यानें त्या वर्षाच्या २९ जानेवारीस ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट मागितलें व जी जगांतील पहिली खरी मोटार म्हणून ओळखली जाते, तिच्यांत आजच्यासारखा क्लच नव्हता. होता तो चामडी पट्टा, एक घट्ट पुली व एक सैल पुली. पट्टा सैल पुलीवर असतां गाडी उभी, घट्ट पुलीवर आणिला कीं गाडी चालूं. कारखान्यांतील जी युक्ति त्या काळचा प्रत्येक फिटर जाणत होता तीच बेंझनें चाकांवर बसविली. तेव्हां कोण्या जिनांतील पट्टेवाल्यापुढें ती गाडी नेऊन उभी केली असती, तर ती निघतांना हिसका कां देते हें त्याला समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

पट्टे पावसांत भिजत व ताणले जात; म्हणून मोटारीनें लवकरच ते टाकून दिले. १८९१ च्या सुमारास पानार व लव्हासोर ह्या फ्रेंच मंडळींनीं इंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें गिअर, आणि जोर मागच्या चाकांस अशी मांडणी रूढ केली. त्या काळचा क्लच शंकूच्या आकाराचा असे. त्यावर चामडें मढविलेलें असून तो शंकू फ्लायव्हीलच्या पोकळींत घुसून बसे. हें चामडें म्हणजे मोठें मानी प्रकरण होतें. तें वाळलें कीं एकदम धरी व गाडीस बेडकासारखी उडी मारावयास लावी. तेल लागलें कीं धरावयाचें नांव घेत नसे. म्हणून जुने चालक आपल्याबरोबर दोन औषधें बाळगीत. चामडें कडक झालें तर एरंडेल किंवा गुरांच्या खुरांचें तेल; घसरूं लागलें तर मुलतानी मातीच्या जातीची, तेल शोषून घेणारी माती. एक वस्तु आपल्या आजीच्या फडताळांतली, दुसरी न्हाणीघरांतली! क्लचचे एकंदर रोग दोनच, अति धरणें व न धरणें, हें त्या मंडळीनीं पुरतें ओळखलें होतें. पुढचा सारा इतिहास ह्या दोहोंमधील मध्यम मार्ग शोधण्याचा इतिहास आहे.

त्या शोधांत एका वळणावर आपली ओळखीची वस्तु पुन्हां भेटते, ती म्हणजे कापूस. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड नांवाचा एक कल्पक गृहस्थ राहत असे. डोंगरी उतारावर गाडीचें चाक आवरण्यासाठीं शेतकरी ब्रेकच्या ठोकळ्यास जुन्या बुटाचें चामडें लावितात, हें पाहून त्यास युक्ति सुचली, असें सांगतात. १८९७ त त्यानें सुती पट्ट्यांत डांबरी द्रव मुरवून घर्षक अस्तर तयार केलें. त्याचीच पुढें 'फेरोडो' ही प्रसिद्ध कंपनी झाली. अमेरिकेंत १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक बाहेर पडलेल्या फोर्डच्या 'टी' जातीच्या गाड्यांत तेलांत बुडालेले जे पट्टे गिअरांचें काम करीत, त्यांचें अस्तरही विणलेल्या सुताचेंच असे. तें झिजून गुळगुळीत झालें कीं ती गाडी निघतांना अशी कांहीं थडथडे कीं, ती थडथड बंद करणारीं निराळीं अस्तरें व निराळीं तेलें विकण्याचा एक धंदाच तेथें उभा राहिला. हिसक्यावर औषध विकणें हा धंदा म्हणजे मोटारीइतकाच जुना आहे. तो आजही बंद पडलेला नाहीं.

सुताचा एक मोठा दोष असा कीं, तें दीडशें अंशांच्या आसपास उष्णता पोंचली कीं करपूं लागतें. फ्रूडनें १९०८ त त्यावर उपाय काढला, तो ॲस्बेस्टॉसचा. हा दगडी तंतु जळत नाहीं. तो एकटा नीट कांतला जात नाहीं म्हणून त्यांत थोडा कापूस मिसळीत, कापसाच्याच यंत्रांवर कांतीत, पितळेच्या तारेबरोबर विणीत, व त्याचें अस्तर करीत. क्लचचा प्रश्न पुष्कळसा सुटला. सपाट, कोरडी, एकेरी तबकडी घरोघर पोंचली ती ह्या अस्तराच्या बळावर. परंतु ही सोय स्वस्तांत मिळाली नव्हती. १९२४ त लँकशायरमधील रॉचडेल ह्या सुताच्या गांवीं ॲस्बेस्टॉस कांतणाऱ्या एका स्त्री-कामगाराच्या मृत्यूची चिकित्सा एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तिच्या फुप्फुसांत तेच तंतु रुतलेले आढळले. १९३१ त ब्रिटिश सरकारनें कारखान्यांतील धुळीवर नियम केले. त्या देशांत ह्या पदार्थावर पूर्ण बंदी येण्यास मात्र १९९९ साल उजाडावें लागलें. हा प्रसंग आम्हीं विषयांतर म्हणून सांगितलेला नाहीं. जुन्या मोटारीचा क्लच उघडतांना आंतील काळी भुकटी तोंडानें फुंकून उडविण्याची आपल्याकडील मिस्त्र्यांची संवय आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. जुन्या प्लेटींत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा. तेव्हां ती भुकटी फुंकूं नये, झटकूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी व तें फडकें टाकून द्यावें.

अस्तर सुधारलें, तरी हिसका गेला नाहीं. त्यानें आपलें बिऱ्हाड हलविलें. हें स्थलांतर समजल्याखेरीज आमच्या स्नेह्यांच्या गाडीचें कोडें सुटत नाहीं. १९३० पूर्वींच्या बहुतेक गाड्यांत इंजिन चौकटीस बोल्टांनीं घट्ट आवळलेलें असे. त्याची सारी थरथर बसणाऱ्यांच्या हाडांपर्यंत पोंचे. १९३१ त क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ गाडींत इंजिन रबराच्या बैठकींवर तरंगतें ठेविलें व त्या युक्तीस 'तरंगती शक्ति' अशा अर्थाचें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं फ्रान्सांत सित्रोएन कंपनीनें तिचा परवाना घेतला. रबरी बैठक मग सर्वत्र झाली. आपले मिस्त्री ह्या बैठकीस इंजिनाचें 'फाउंडेशन' म्हणतात. गंमत अशी कीं, ज्या वस्तूचें काम हलूं देणें, तिला आपण पाया म्हणतों. प्रवाशांस सुख झालें. पण इंजिनास आतां डोलण्याची मुभा मिळाली. पायपट्टी मात्र चौकटीवरच राहिली. चौकटीवरील पायपट्टी व डोलणारें इंजिन ह्यांना जोडणारा लोखंडी दांडा मध्यें आल्यामुळें नवाच घोटाळा उत्पन्न झाला. क्लच धरूं लागला कीं इंजिन एका अंगास कलतें. तें कलतांच दांडा ओढला जातो किंवा ढकलला जातो. म्हणजे चालकानें पाय स्थिर ठेविला तरी क्लच आपोआप कमीजास्त दाबला जातो. रबर ताजें असेपर्यंत हें कलणें अल्प असतें. तें कुजलें, तेलानें फुगलें किंवा आपल्या लोखंडी पत्र्यापासून सुटलें कीं इंजिन क्लचला हलवितें व क्लच इंजिनाला हलवितो. पन्नासच्या दशकापासून पुष्कळ गाड्यांत दांड्याऐवजीं तेलाच्या दाबानें क्लच चालवूं लागले. त्यामुळें हा घोटाळा पुष्कळ कमी झाला. तरीही १९५९ त निघालेल्या 'मिनी' गाडींत इंजिनास वरून धरणाऱ्या दांड्याचीं रबरें झिजलीं कीं निघतांना हिसके बसतात, ही गोष्ट त्या गाडीच्या शौकिनांत सर्वश्रुत आहे.

आमच्या स्नेह्यांची गाडी दांड्याच्या काळांतली. आम्हांस ग्रंथांतून एवढें समजण्यास चार दिवस लागले. यवतमाळच्या एका वृद्ध मिस्त्रींस तें पाऊण तासांत समजलें. हे गृहस्थ लहानपणीं जिनांत पट्टे सांभाळणाऱ्या फिटरच्या हाताखालीं होते. मोटारीकडे ते मागाहून वळले. त्यांनीं आल्या आल्या हत्यारांस हात लावला नाहीं. जोत्यावर बसून, चहा घेत, त्यांनीं केवळ प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न, हिसका सकाळच्या पहिल्या एकदोन खेपांनाच बसतो कीं दिवसभर? पावसाळ्यांत अस्तर रात्रभर ओल शोषून घेतें व सकाळीं क्षणभर चिकटतें. तो रोग नव्हे, दोनचारदां क्लच वापरला कीं जातो. येथें तसें नव्हतें. दुसरा प्रश्न, गाडी तापल्यावरच बसतो काय? तसें असेल तर फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग पडलेले असतात, किंवा प्लेट वांकलेली असते. काळ्या मातींत रुतलेली गाडी हाफ क्लचवर तासभर रेटणाऱ्यांच्या नशिबीं हें येतें. तसेंही नव्हतें. तिसरा प्रश्न, चढावर क्लच घसरतोही काय, व जळका तेलकट वास येतो काय? जुन्या इंग्रजी इंजिनांपैकीं पुष्कळांत मागच्या टोकास रबरी सील नसून तेल परत फिरविणारे केवळ आटे असतात. तें तेल झिरपून अस्तरावर येतें. क्लचच्या कवचाच्या तळाशीं एक भोंक असून त्यांत एक दुपाती पिन हलती ठेविलेली असते, ती ह्याच तेलास वाट मोकळी राहावी म्हणून. मिस्त्रींनीं ती पिन बोटानें हलवून पाहिली. बोट जवळजवळ कोरडें निघालें.

चौथा प्रश्न त्यांनीं असा विचारला, "वकीलसाहेब, मांगं घेतानी बी असेच झटके मारते काय?"

आमचे स्नेही विचारांत पडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणींच विचारला नव्हता. गाडी अंगणांत मागें घेऊन पाहिली, तों ती लोण्यासारखी मागें गेली! मिस्त्री मान हलवून म्हणाले, "मंग प्लेटीचा काही गुन्हा नाई. इंजिन नाचते, म्हून क्लच नाचते."

ह्या एका प्रश्नांत किती शास्त्र भरलेलें आहे पाहा. प्लेट वांकडी असती, किंवा तिला दाबणारे तीन अंकुश कमीजास्त उंचीचे असते, तर तिला पुढें व मागें ह्यांत फरक कळण्याचें कारण नव्हतें. तिच्या दृष्टीनें इंजिन एकाच दिशेनें फिरतें. परंतु गाडी मागें जातांना चाकांकडे जाणारा जोर उलट होतो, म्हणून इंजिन व गिअरबॉक्स मिळून दुसऱ्या अंगास कलतात. एका अंगास कलतांना जो दांडा क्लचला हिसकावितो, तोच दुसऱ्या अंगास कलतांना त्याला शांत करितो. पुढें हिसका व मागें शांतता, ह्याचा अर्थ दोष बैठकींत किंवा दांड्यांत.

मग त्यांनीं खात्री करून घेतली. इंजिनावर व शेजारच्या चौकटीवर खडूनें समोरासमोर रेघ ओढली, चाकांस दगड लाविले, हातब्रेक ओढावयास सांगितला, आम्हां सर्वांस बाजूस उभें केलें, आणि वकीलसाहेबांस क्लच अगदीं थोडा, केवळ धरूं लागेपर्यंत, सोडावयास लाविलें. दोन रेघा बोटभर एकमेकींपासून दूर गेल्या. खालून पाहतां एका बाजूचें रबर पत्र्यापासून पूर्ण सुटलेलें आढळलें. वरून तें अगदीं शाबूत दिसत होतें. नवीन बैठका परगांवाहून यावयाच्या होत्या. तोंपर्यंत मिस्त्रींनीं जिनाच्या एका जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे कापून त्या जागीं दाबून बसविले. घट्ट व सैल पुलीचा जो पट्टा मोटारीनें सव्वाशें वर्षांपूर्वीं टाकून दिला होता, त्याच जातीचा एक तुकडा पुन्हां तिच्या कामास आला.

येथें एक शंका वाचकांच्या मनांत येईल. प्लेट निर्दोष होती, तर ती बदलल्यावर महिनाभर बरें कां वाटलें? मिस्त्रींचें उत्तर असें कीं, प्लेट बदलण्यास गिअरबॉक्स उतरावी लागते व परत चढवितांना बोल्ट नव्यानें आवळले जातात; त्या आवळण्यानें सुटलेलें रबर कांहीं दिवस दाबून राहिलें. श्रेय प्लेटीनें घेतलें. त्यांनीं ह्याच ओघांत आणखी एक गोष्ट सांगितली, ती जुन्या गाडीच्या मालकांनीं ध्यानांत ठेवावी. गिअरबॉक्स चढवितांना तिचा भार क्षणभर जरी प्लेटीवर लोंबकळूं दिला तरी नवी प्लेट वांकते, आणि मग नसलेला हिसका खरोखरच जन्मास येतो. असा हिसका ओळखण्याची खूण ही कीं, इंजिनाचा व चाकांचा वेग जसजसा जुळत येतो तसतसा त्याचा ठेका मंदावत जातो. अस्तराच्या धरसोडीचा हिसका मात्र आपला ठेका सोडीत नाहीं. शिवाय इंजिन मधूनच चुकत असेल, मागच्या कमानीचे बोल्ट सैल असतील किंवा दांड्याचे सांधे झिजले असतील, तरीही गाडी निघतांना हिसके देते. ह्यांतील एकही गोष्ट पाहण्यास क्लच उघडावा लागत नाहीं. म्हणून प्लेट ही शेवटीं उघडावी. आपल्याकडे ती पहिल्यानें उघडतात, कारण प्लेट विकत मिळते व प्रश्न विकत मिळत नाहीं.

आम्हांस ह्या साऱ्या प्रकरणांत खेद वाटला तो एकाच गोष्टीचा. यंत्राच्या पुढच्या सुधारणेनें मागचें ज्ञान निरुपयोगी होतें, असें आपण गृहीत धरून चालतों. वस्तुतः चामड्यास एरंडेल लावणारा चालक, पट्ट्यास राळ लावणारा जिनांतला पोरगा व रबरी बैठकीपुढें खडूची रेघ ओढणारा हा मिस्त्री, ह्यांचें ज्ञान एकच आहे; त्यांतला एक टप्पा गाळला कीं पुढचा टप्पा केवळ सुटे भाग बदलण्याची हमाली होऊन बसतो. कापसाच्या ह्या जिल्ह्यांत शेंकडों माणसांनीं तें ज्ञान हातांनीं मिळविलें. त्यांतलें फार थोडें कोणी लिहून ठेविलें आहे. लाईनशाफ्ट गेले, शकुंतलेचें वाफेचें इंजिन गेलें. त्यांच्याबरोबर तीं चालविणारीं माणसेंही एकेक करून जात आहेत. आम्हीं त्या मिस्त्रींचे चार प्रश्न वहींत उतरवून घेतले, तेव्हां ते हंसून म्हणाले कीं, आजवर त्यांची बिलें लोकांनीं लिहून घेतलीं, प्रश्न कोणी लिहून घेतले नाहींत.

परतीच्या दिवशीं वकीलसाहेबांनीं आम्हांस पुन्हां त्याच गाडींतून धामणगांवास पोंचविलें. वाटेंतील एका चढावर, कोणी आडवें आलेलें नसतांही, त्यांनीं मुद्दाम गाडी उभी केली, एकवार आमच्याकडे पाहिलें, आणि पाय सावकाश उचलला. गाडी निघाली. गाडी विकण्याची गोष्ट त्यानंतर कोणीं काढली नाहीं. कारखान्यानें परत दिलेल्या दोन जुन्या प्लेटी त्यांच्या मोटारखान्यांत एका खोक्यांत पडून आहेत. दोहोंचीं अस्तरें अद्यापि निम्मींही झिजलेलीं नाहींत.